कूसिन मनेत, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीच्या पाळणाघरात, नवीन लागलीस ना, ऐक

अगं, पहिल्या आठवड्यात रंग-आकडे शिकवायला जाऊ नकोस. आई रोजगार हमीच्या कामाला गेलेली असते. दीड वर्षाच्या पोराला आधी तुझी मांडी ओळखीची होऊ दे.

भाषेचं म्हणशील, तर बेळगावजवळच्या खानापूरकडची आपली पोरं घरात मराठी बोलतात आणि तुझ्या जोडीची ताई कन्नड. घाबरू नकोस. पोरगं "पाणी" म्हणालं की "गार पाणी पाहिजे होय?" असा त्याचाच शब्द थोडा वाढवून परत दे. ताईंना कन्नडमध्ये "नीरु" म्हणू दे. दोन भाषा ऐकल्यानं बोलणं लांबत नाही. सरमिसळ केली तर हसायचं नाही, टोकायचंही नाही. आणि विचारल्यावर थांब. मनात पाचपर्यंत मोज. लहानग्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो, आपणच घाई करतो.

खेळणी कमी असली तरी अडत नाही. वाट्या, झाकणं, रिकामे डबे दे. पण शेंगदाणे, चिंचोके, मणी तीन वर्षांखालच्यांच्या हाती कधीच नको, श्वासनलिकेत अडकतात. हे मी जीव तोडून सांगते.

कुणी चावलं तर "चावरा" नाव ठेवू नकोस. बरेचदा शब्द अपुरे पडतात म्हणून चावतात. संध्याकाळी आईला आजचा एक नवा शब्द तेवढा सांग.