एवढे मार्क पडलेत, वाया घालवू काय?

मी समुपदेशक. दहावीचा निकाल लागल्यावर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य साधारण ठरलेलं असतं. मार्क कमी असतील तर, "आता सायन्स कुठलं मिळतंय?" आणि जास्त असतील तर, "एवढे मार्क पडूनही सायन्स नको म्हणतीय. वाया जायचे की!" पहिल्या चिंतेवर सगळे बोलतात. दुसरी कुणाला चिंताच वाटत नाही, कारण त्या घरात पेढे वाटून झालेले असतात. माझा अनुभव असा की जादा मार्कांच्या घरातली भांडणं जास्त चिवट असतात. कमी मार्क पडले की माणसं निदान पर्याय तरी शोधतात.

अशाच एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला सायली म्हणू.

वडिलांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप. सायलीला दहावीला 88.80 टक्के. गल्लीतल्या तरुण मंडळानं तिच्या अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड लावला होता, त्याचा फोटो वडिलांनी बसता बसता मोबाइलवर दाखवला. फोटोत सायलीपेक्षा मंडळाचे अध्यक्ष मोठे होते, पण ते असो.

"मॅडम, रोज त्या बोर्डासमोरनं जातोय. जो भेटतोय तो विचारतोय, सायन्सला कुठं घेतलं? आणि ही म्हणतीय आर्ट्स. सांगा की हिला काय तर. मार्क वाया जायचे."

"सायन्सला गेली तर ते मार्क पुढे कुठे वापरले जातील?" मी विचारलं.

"पुढं... उपयोग होईल की."

"पुढे म्हणजे नेमका कुठे?"

ते थांबले. इथे बहुतेक पालक थांबतात. दहावीचे मार्क प्रवेशाच्या कामाला मुख्यतः एकदाच येतात: अकरावी, डिप्लोमा किंवा आयटीआयच्या दारात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीईटी या प्रवेश परीक्षेचा पर्सेंटाइल मोजतात आणि बारावीला ए ग्रुपमध्ये, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितात, खुल्या गटाला 45, राखीव गटाला 40 टक्क्यांची अट असते. मेडिकलला नीट ही परीक्षा. तिथे दहावीला 88 होते की 68, सहसा कुणी विचारत नाही. एकदाच वटणारी गोष्ट साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे वायाही जात नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ते बरोबर आहे, पण एवढे मार्क आहेत ओ!"

माहितीनं चिंता हलत नाही, हे आमच्या व्यवसायात लवकर कळतं. म्हणून पुढच्या वेळी मी मार्कशीट आणायला सांगितलं आणि वडिलांनाच मोठ्यानं वाचायला लावलं.

मराठी 90. संस्कृत 98. इंग्रजी 86. गणित 61. विज्ञान 76. सामाजिक शास्त्रे 94.

"आता टक्के काढा."

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्यांनी बेरीज केली: 505. भागिले 600. पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या. पुन्हा केली. "हे तर 84.16 येतंय. बोर्डानं चुकवलं काय?"

सायली हसली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली. "पप्पा, बेस्ट फाइव्ह असतंय. सहातला सगळ्यात कमी मार्कांचा विषय सोडतात आणि पाचशेपैकी काढतात."

"मग तुझा कुठला सोडला?"

"गणित."

"म्हणजे ह्या अठ्ठ्याऐंशीत गणित नाहीच?"

दिवसभर बारीक मापाचं व्हर्नियर हातात धरणारा माणूस. पण बोर्डावरचा तो आकडा कशाचा बनलाय, हे त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं. मग मी फक्त सायन्सला लागणारे दोन विषय मोजायला सांगितले. गणित आणि विज्ञान मिळून 200 पैकी 137.

याच हंगामात माझ्याकडे एक मुलगा आला होता, 68.40 टक्क्यांचा. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. त्याचे गणितात 87 आणि विज्ञानात 81, म्हणजे 200 पैकी 168. भाषांनी त्याला खाली ओढलं होतं. त्याला सगळे सांगत होते, सायन्सचं नाव काढू नको. आणि सायलीला सांगत होते, दुसरं नावच काढू नको. टक्क्यांवर कॉलेज ठरतं. शाखा ठरवायची तर आकड्याच्या आत बघावं लागतं. नावाजलेल्या कॉलेजचा कटऑफ त्या मुलाला झेपणारा नव्हता, पण सायन्स म्हणजे फक्त तेवढी दोन-तीन कॉलेजं नव्हेत. तो डिप्लोमाच्या वाटेनं गेला. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

सायलीच्या वडिलांनी एकदम माघार घेतली असं मात्र नाही. "बरं, गणित नको. बी ग्रुप घे. डॉक्टरला कुठं गणित लागतंय?"

हेही मी दरवर्षी ऐकते. नीटच्या 720 गुणांत जीवशास्त्राचे 360, रसायनशास्त्राचे 180 आणि भौतिकशास्त्राचे 180. गणिताचा पेपर नाही, हे खरं. पण भौतिकशास्त्र गणिताशिवाय सुटत नाही. आणि सीईटीच्या ए ग्रुपमध्ये 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. 61 मार्कांच्या मुलीनं तिकडे जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. सायलीला ओढ असती तर मीच म्हणाले असते की जा, गणितावर दोन वर्षं घाम गाळ. पण ओढ सायलीची हवी, बोर्डावरच्या आकड्याची नको.

आई तोवर गप्प होती. सगळं आटोपत आल्यावर ती म्हणाली, "माझे गेले होते मॅडम वाया. मला त्र्याहत्तर टक्के होते. त्या वेळी शाळेत पहिली आलेली मी."

वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस तेच बोलत होते, पण वाक्य त्यांचं नव्हतं. घरात ते रोज या माउलीकडून यायचं, भाकरी थापता थापता, आणि वडील ते बाहेर येऊन मांडायचे. मला हे आधी जाणवलं होतं. पहिल्या भेटीत वडील "वाया" म्हणाले की आई पदर सारखा करायची. पण मी घाई केली नाही. समुपदेशकानं नेमकं काय बोलू नये, हे मला वाटतं मी बऱ्यापैकी शिकले आहे.

सायलीनंच विचारलं. "मम्मी, तू आर्ट्स घेतलंस म्हणून तुझे मार्क वाया गेले काय?"

"आर्ट्स कुठलं? अकरावीलाच घातलं नाही. लग्न ठरवलं."

"मग सायन्स नव्हतं म्हणून नाही गेले. शिकू दिलं नाही म्हणून गेले."

आईला रडू आलं, आणि लगेच हसूही. "मग काय, तसंच की."

"मला शिकायचंच आहे," सायली म्हणाली. "मी आर्ट्स घेतो म्हटलं की तुम्हाला वाटतंय मी शिकायचं सोडतो. मला पाच वर्षांचं लॉ करायचंय."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांच्या पठडीतली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, असं ही पठडी मानते. मुलगी खूप शिकावी ही आईची इच्छा होती, आणि ती सुंदरच होती. पण वर्षं जाता जाता त्या इच्छेचा हट्ट झाला: एवढे मार्क असले तर सायन्सच, नाहीतर सगळं फुकट. इच्छा तशीच ठेवून हट्ट तेवढा सुटला की घर मोकळं होतं. हे मी त्यांना शिकवलं असतं तर नुसतं व्याख्यान झालं असतं. मुलीनं एका प्रश्नात केलं. अशी वेळ आली की मी मध्ये बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर या कामातला माझा सगळा आनंद तिथेच आहे.

वडिलांचा शेवटचा मुद्दा मात्र रास्त होता. "सायन्समधनं कुठंही जाता येतंय. आर्ट्समधनं परत सायन्सला येता येत नाही."

बरोबर आहे. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉम, लॉ सगळं खुलं असतं. उलटं होत नाही. ज्या मुलाचं काहीच ठरलेलं नाही आणि गणित-विज्ञान बरं आहे, त्याला मीही सायन्स सुचवते. पण पाच वर्षांच्या लॉला शाखेची अट नाही. बारावीला खुल्या गटाला 45 टक्के आणि लॉची वेगळी सीईटी पुरते. मग दारं उघडी ठेवण्यासाठी दोन वर्षं नको असलेल्या विषयांशी झगडायचं, क्लासची फी भरायची, आणि शेवटी त्याच दारातून कमी मार्क घेऊन जायचं, तेही खचून? वडिलांनी क्लासच्या फीचा आकडा आठवून पाहिला असावा. लगेच गप्प झाले.

सायलीनं आर्ट्सला प्रवेश घेतला. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र. मंडळाच्या अध्यक्षांनी वडिलांना विचारलंच, "आर्ट्स? एवढ्या मार्कांवर?" वडील म्हणाले, "व्हय. वकील होणार हाय. तुमची जागेची केस चालू हाय न्हवं?"

आता थोडं अर्जाबद्दल, कारण सगळं ठरल्यावरही मुलं इथे अडकतात. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. अर्जात कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10 पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून मित्रानं टाकलं म्हणून किंवा "बघू, लागतंय काय" म्हणून कुठलंच नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. तिथली फी, घरापासूनचं अंतर, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी पाहा. गेल्या वर्षीचा कटऑफ तुमच्या प्रवर्गाचा पाहा, शेजाऱ्याच्या नाही. चित्रकलेची इंटरमीजिएट किंवा खेळाचे वाढीव गुण असतील तर ते मार्कशीटमध्ये धरलेत का, तेही तपासा. टक्क्यांत ते मिसळलेले असतात आणि विषयाची समज त्यांतून कळत नाही.

माझ्याकडे येणार असाल तर मार्कशीट घेऊन या, टक्क्यांचा स्क्रीनशॉट नको. नववीचंही आणलंत तर बरं. मुलाला किंवा मुलीला सोबत आणा आणि पहिली दहा मिनिटं त्यांनाच बोलू द्या. वडील एकटेच येऊन "तुम्ही नुसतं सांगा, मी त्याला ऐकवतो" म्हणाले, तर मी चहा पाजून परत पाठवते.