पहिल्या वर्षी घाई नको

अगं, पुण्याहून मोहोळजवळच्या रानात राहायला आलीस आणि पहिल्याच महिन्यात गाय, कोंबड्या, परसबाग सगळं एकदम? दमशील. आधी भाकरी शीक.

ज्वारीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आण. जुन्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही, मग भाकरी थापताना कडेनं चिरते आणि आपण उगाच हाताला दोष देतो. चिरलीच तर पिठात थोडं उकळतं पाणी घालून, जरा निवलं की तळहातानं चांगलं रगडून मळ. कडक भाकरीचा नाद पुढच्या वर्षी. मला ती जमायला तीन वर्षं लागली, आणि सासूबाई अजूनही जाड म्हणतात!

शेतात मालदांडी ज्वारी पेरायची तर सप्टेंबर-ऑक्टोबर धर. कोरडवाहू रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच येते. जमिनीला भेगा पडल्या की ती ओल उडते, म्हणून कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरवरची माती हलवणं, चुकवू नकोस. कोळप्यानं भेगा बुजतात, तणही निघतं. यूट्यूबवर बघून सगळं जमत नाही बाई, बांधावरच्या म्हाताऱ्यांना विचार.

धान्य कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भर. ओलसर भरलंस तर कीड ठरलेली.

आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या पूजेला-जेवणाला, डबा घेऊन एकटी येऊ नकोस. भाज्या-शेंगांची भज्जी, आंबील शेजारणींबरोबर कर. निम्मी शेती तिथंच कळेल, उरलेली भांडणंसुद्धा.