टोक झाकणारी प्रथिने वेगळी, वाढवणारी वेगळी

प्रश्न : गुणसूत्राच्या टोकावर टेलोमिअर नावाचे ‘संरक्षक टोपण’ असते, एवढे सांगून मी अकरावीच्या वर्गात पुढे जाते. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, की हे टोपण टेलोमरेजचेच, म्हणजे टेलोमिअर लांबवणाऱ्या विकराचेच, बनलेले असते का? मला नीट उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ बहुधा टोपणाच्या उपमेनेच घातलेला आहे. माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरे शेकडो-हजारो वेळा गिरवलेली असतात आणि त्यांवर शेल्टरिन हा सहा प्रथिनांचा संच बसतो. टीआरएफ-१ व टीआरएफ-२ दुपदरी डीएनएला धरतात, पॉट-१ शेवटच्या एकेरी धाग्याला धरते, टिन-२ व टीपीपी-१ ही दुपदरी भागावरच्या व एकेरी धाग्यावरच्या प्रथिनांना एकमेकांशी सांधतात, तर रॅप-१ हे टीआरएफ-२ला बिलगून असते.

यांत टीआरएफ-२चे काम पाहण्याजोगे आहे. डीएनएचे मोकळे टोक दिसले, की पेशीतील दुरुस्तीयंत्रणा ते तुटलेले समजून दुसऱ्या टोकाशी जोडू पाहते. टीआरएफ-२च्या मदतीने एकेरी धागा मागे वळून दुपदरी भागात शिरतो, नऊवारीचा काष्टा मागे नेऊन खोचावा तसा, आणि मोकळे टोक दृष्टीआड होते. हा फास १९९९मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. प्रयोगात पेशींतून टीआरएफ-२ काढून टाकले, तर गुणसूत्रे आगगाडीच्या डब्यांसारखी टोकाला टोक जुळतात.

टेलोमरेज हे विकर कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात आढळले. त्यात टर्ट हे प्रथिन असते आणि नवी अक्षरे जुळवण्यासाठी साचा म्हणून स्वतःचाच आरएनए. माणसात डिस्केरिन हे प्रथिन त्या आरएनएला टिकवते. प्रौढ शरीरातील बहुतेक पेशींत टर्ट तयारच होत नाही, तरीही त्यांची टोके झाकलेली असतात. आपल्या विद्यार्थिनीला एवढेच सांगितले तरी पुरेल.

तथापि झाकणारी आणि वाढवणारी अशा दोन्ही गटांचे दळणवळण आहे. टेलोमरेजला टोकापर्यंत आणते ते शेल्टरिनमधलेच टीपीपी-१. शिवाय टेलोमरेज एकच धागा लांबवते; समोरचा भरून घेण्यासाठी सीएसटी हा तीन प्रथिनांचा आणखी एक संच डीएनए पॉलिमरेज-अल्फा या डीएनए बनवणाऱ्या विकराला कामाला लावतो. अस्थिमज्जा निकामी करणाऱ्या डिस्केराटोसिस कंजेनिटा या आनुवंशिक विकारात टेलोमिअर फार आखूड असतात. त्याचे कारण काही कुटुंबांत डिस्केरिनमधील दोष असते, तर काहींत टिन-२मधील.