काळी चार कुठे गेली?

ध्वनिमुद्रणाच्या तक्रारी : वाचकांची पत्रं

एक विनंती आधी. 'आवाज नीट येत नाही, उपाय सांगा' एवढ्याच ओळीच्या पत्राला मी काय उत्तर देणार? घूं येतं, खर्र येतं की धप्प होतं, आणि ते कधी होतं, तेवढं लिहा. यंदा मिरजेच्या बाईंनी लिहिलंय तसं.

ताई, मी मिरजेत गाणं शिकवते. यूएसबी माइक लावून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग करते. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. गाताना तानपुऱ्याशी सूर चोख लागतो. पण फाइल शिष्याला पाठवली तर तो म्हणाला, 'बाई, आज पांढरी पाचला गायलात का?' पेटी काढून बघितली, तर पांढरी पाचलाही जुळेना. लयही ढिली वाटते. लॅपटॉप गेला का? (पुतण्या म्हणाला सीडीसाठी 44100 लागतं, म्हणून ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूत 48000 चं तेवढं केलं होतं.)

लॅपटॉप ठणठणीत आहे आणि गळाही. रोग कंसात लिहिलाय तुम्ही!

माइकच्या आवाजाचे सेकंदाला 48000 नमुने घेतले गेले होते. ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' बदलला की ऑडॅसिटी नमुन्यांना हात लावत नाही, तेच नमुने सेकंदाला 44100 या वेगाने वाजवते. म्हणजे गाणं संथ झालं आणि सूरही उतरला, पेटीवर मोजलं तर जवळजवळ दीड पट्टी. काळी चारच्या एक पट्टी खाली पांढरी पाच, दोन पट्ट्या खाली काळी तीन. तुम्ही त्या दोघींच्या मधोमध अडकलात, म्हणून पेटीवर कुठेच जुळेना. शिष्याचा कान मात्र तयार आहे हं. खात्री करायची तर घड्याळ बघा : दहा मिनिटांचं गाणं 10 मिनिटं 53 सेकंद चालेल.

त्याच मेनूत पुन्हा 48000 करा, काळी चार जागेवर येईल. मग 44100 हवंच असेल तर वरच्या 'ट्रॅक्स' मेनूतलं 'रीसॅम्पल' वापरा. त्यात नमुने नव्याने मोजले जातात, सूर हलत नाही. मूळ प्रोजेक्ट पुसून टाकलं असेल आणि हातात उतरलेली एमपीथ्रीच उरली असेल तरी घाबरू नका. ती उघडून 'चेंज स्पीड'ने वेग 1.088 पट करा, तीही वर येईल. 'चेंज पिच'च्या वाटेला मात्र जाऊ नका. सूर वर येईल, पण लय ढिलीच राहील आणि आवाजाला पत्र्यासारखी झाक येईल.

पुढच्या वेळेसाठी : विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' खाली जो आकडा असेल, तोच ऑडॅसिटीच्या प्रोजेक्ट रेटला ठेवा. तिथे गेलाच आहात तर 'एन्हान्समेंट्स' नावाचं जे काही चालू असेल ते बंद करून या. गोंगाट कमी करणाऱ्या या सोयी बोलण्यासाठी बनवलेल्या असतात. एकसारखा अखंड वाजतो तो गोंगाट, एवढंच त्यांना कळतं, आणि तानपुऱ्याइतकं अखंड दुसरं काय वाजतं? ऑनलाइन शिकवणीत तुमचा तानपुरा मध्येच गायब होत असेल, तर तोही याच कारणाने. झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय आहे, तो चालू करा.

वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट आहेत, साठ मिनिटांच्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या भोकात घातली, तर आवाज फाटका येतो आणि एकाच बाजूने. शिवाय सूं असा आवाज सतत आहे. तो नॉइज रिडक्शनने काढला तर टाळच गेले. — निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

गुरुजी, हल्लीच्या लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं. त्यात आवाज आत घ्यायची सोय असते ती हेडसेटच्या माइकपुरती, म्हणजे एकाच वाहिनीची आणि अगदी क्षीण आवाजासाठी. तुमच्या टेपचा हेडफोनचा आवाज त्यापेक्षा कितीतरी दांडगा, तो तिथे फाटणारच. 'लाइन इन' असलेलं लहानसं यूएसबी साउंड कार्ड घ्या. फार महागातलं नको, फक्त ते 'लाइन इन' स्टीरिओ आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारा.

त्याआधी टेपकडे बघा. सगळे आधी सॉफ्टवेअरशी झटत बसतात आणि हेडवरचा, म्हणजे कॅसेटची फीत जिथे घासत जाते त्या भागावरचा, तपकिरी थर तसाच राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकोरणीचा कापूस बुडवून हेड पुसा, कापूस पांढरा निघेपर्यंत. कॅसेटच्या पाठच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले दात असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वडील पुसले जाणार नाहीत. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच लावा.

आता टाळ. हेडच्या शेजारी दोन बारीक स्क्रू दिसतील, त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते. तो हेडचा कल बदलतो. कॅसेट ज्या टेपवर भरली तिचा कल आणि तुमच्या टेपचा कल वेगळा असला की वरचे स्वर बोथट होतात, टाळ लांब कुठेतरी वाजल्यासारखे येतात. स्क्रूवर आधी पेनाने खूण करा. कीर्तन चालू ठेवून अगदी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवा. एका जागी टाळ एकदम खणखणीत होतील. तिथेच थांबा आणि भरून घ्या. काम झालं की खुणेवर परत आणा.

सर्वांत मोठा गजर होईल तिथेही मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकून फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. फाइल वेव्हमध्येच (WAV) ठेवा. मिनिटाला साधारण 10 एमबी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 600 एमबी. हल्ली तेवढी जागा ही काही चैन नाही. ही मूळ प्रत कपाटात ठेवल्यासारखी ठेवा, नॉइज रिडक्शन करायचं ते तिच्या नकलेवर. नमुना म्हणून जिथे नुसतीच सूं आहे असा सेकंदभराचा तुकडा निवडा, बुवांचा श्वाससुद्धा त्यात नको. मग 12 ऐवजी 6 डेसिबल लावून बघा. थोडी सूं राहील. राहू द्या. कीर्तन ऐकताना दोन मिनिटांत कान ती विसरतो, पण टाळ नसलेलं कीर्तन कानाला चालत नाही.

चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घूं येतं, काढला की जातं. — नागपूर

निदान तुम्हीच केलंत! आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिचीच ही घूं. बॅटरीवर रेकॉर्डिंग करा आणि विषय संपवा. ते जमत नसेल तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. कोणी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगेल. तसं बिलकुल करू नका, जिवावर बेतेल.

मी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. 'फ' आणि 'भ' आले की धप्प आवाज येतो. — अकरावीतली वाचक, सातारा

अगं, मराठी वाचायची म्हणजे फ-भ येणारच! 'भोपळ्यात बसून भुर्र' म्हणताना तोंडासमोर तळहात धर, वारा लागेल. तोच वारा माइकच्या पडद्यावर आदळतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला ठेव, तोंडाच्या रेषेत नको. आधीच वाचून झालेल्या गोष्टीत फक्त ते अक्षर निवड आणि त्यावर 100 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लाव, तो त्याखालचा जाड आवाज कापतो. अख्ख्या गोष्टीला नको, आवाज पातळ होईल.

ऑडॅसिटीची फाइल पेनड्राइव्हवर मित्राकडे नेली. उघडते, पण आवाज नाही. — पनवेल

फाइलच्या नावाचा शेवट '.एयूपी' असा असेल तर ती जुन्या आवृत्तीची. तिच्यात नुसता नकाशा असतो. आवाज शेजारच्या '_डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतो, तो घरीच राहिला तुमचा. 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं एकाच '.एयूपी3' फाइलमध्ये असतं. घरी जाऊन फोल्डर घेऊन या. आणि तोपर्यंत मित्राकडे 'सेव्ह' दाबू नका.