हत्ती, मधपेट्या आणि मधली तार

प्रश्न : केनियात शेताभोवती मधपेट्या टांगून हत्ती अडवतात, असे वाचले. आमच्या गटाला दोडामार्गच्या शेतकऱ्यांना अशा पेट्या भेट द्यायच्या आहेत. एकरी किती लागतील? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : चौरस एकराचा घेर साधारण 255 मीटर. दर 10 मीटरवर एक टांगणी धरली तर चोवीस-पंचवीस होतात. त्यांतल्या निम्म्याच खऱ्या पेट्या. मधल्या जागी पिवळ्या रंगाची प्लायवूडची फळी टांगतात. त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या सगाला भागात हत्तींच्या अभ्यासक डॉ. लुसी किंग यांनी गावकऱ्यांबरोबर हीच रचना वापरली.

सगळी करामत या पेट्या-फळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या तारेत आहे. दोन खांबांमधून घुसणाऱ्या हत्तीला तार लागते, ती ताणली की दोन्हीकडच्या पेट्या हेलकावतात आणि माश्या उठतात. त्यामुळे तार पेटीच्या टांगणीलाच बांधायची. खांबाला आवळली तर पेटी हलत नाही, आणि मग ते नुसते तारेचे कुंपण. हत्तीला त्याचे काय? मुंग्या चढू नयेत म्हणून टांगणीच्या तारेला ग्रीस लावा, आणि पेटीवर सावलीचे छप्पर हवेच.

सगालातल्या 26 शेतांच्या नोंदी 2024 मध्ये प्रसिद्ध झाल्या. ऐन पिकाच्या हंगामात 86 टक्क्यांपर्यंत हत्ती परतवले गेले. पण 2017 च्या दुष्काळानंतर माश्यांची वस्ती 75 टक्क्यांनी घटली. रिकामी पेटी म्हणजे लाकडाचा खोका.

कोकणात अडचण उलटी, पावसाची. पावसाळ्यात फुलोरा नसतो आणि सातेरी माशी (पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी) उपाशी राहिली की पेटी सोडून जाते. साखर-पाणी समप्रमाणात करून पाजावे लागते, पोळे पोखरणारी मेणकीड साफ करावी लागते. सातेरी आफ्रिकी माशीइतकी तापटही नाही. श्रीलंकेतल्या प्रयोगात चवताळलेल्या सातेरीवर्गीय माश्यांचा आवाज ऐकून हत्ती मागे हटले खरे, पण दोडामार्गात तेवढेच फळ मिळेल असे धरून चालू नका.

म्हणून एकदम पन्नास पेट्या वाटू नका. एकट्या शेताला कुंपण घातले तर हत्ती शेजाऱ्याच्या केळीत शिरतो; लगतची तीन-चार शेते घ्या. खांब आणि मजुरी शेतकऱ्याची, पेटी तुमची, मध त्याचा, हे आधीच ठरवा. मधाचे पैसे हातात येतात तोच पेटी उघडून बघतो. फुकटची पेटी पहिल्या पावसात ओस पडते. प्रत्येक वाडीतले दोघे आधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत पाठवा. खादी ग्रामोद्योग आयोगाने 2021 मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत असाच प्रकल्प सुरू केला; तिथेही एक चक्कर मारा.

प्रश्न : टांझानियात सिंहांपासून गुरे राखायला गोठ्याभोवती झाडांचे जिवंत कुंपण करतात. जुन्नरला बिबट्यासाठी चालेल? (एक वाचक, मंचर)

उत्तर : अर्धेच चालेल. तिथे कॉमिफोरा झाडाच्या फांद्या खांबांसारख्या रोवतात, त्यांना मुळे फुटतात, आणि त्यावर साखळी जाळी ठोकतात. वरून मात्र गोठा उघडा असतो. बिबट्या झाडावर चढणारा, त्यामुळे आपल्याकडे वरही जाळी हवीच. ती बाजूच्या जाळीला वीत-वीतभर अंतरावर तारेने आवळा. शेळ्या जाळीला टेकून बसत असतील तर आतून हातभर सोडून बांबूचा अडसर घाला. जाळीतून पंजा पोहोचतो.