214 दिवस ॲप केलं, तरी पोरगं इंग्लिश बोलत का नाही?

"मॅडम, रोज मोबाईलवर इंग्लिश करायलंय ओ, बघा की, 214 दिवस झालेत. पण तोंडातनं एक वाक्य बाहेर पडत नाही बघा." जांबोटीकडची एक आई मागच्या वर्षी मुलाला घेऊन बेळगावला माझ्याकडे आली होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, चांगले मार्क, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, म्हणजे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठीतनं थेट इंग्लिशमध्ये. आईचा खरा प्रश्न वेगळाच होता, तो तिने मुलगा पाणी प्यायला बाहेर गेल्यावर विचारला, मराठी शाळेत घालून आम्ही चूक केली काय?

खानापूर, निपाणी, बेळगाव, इकडचे किती आईबाप हे विचारतात सांगू. आणि इकडे मराठी शाळा ही नुसती शाळा नसते, त्यात घराचा हट्ट असतो, आजोबांचा जीव असतो, त्यामुळे प्रश्न विचारतानाही त्यांना अपराधी वाटतं. मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी मुलाला म्हटलं, ते ॲप करून दाखव.

आणि तिथेच कळलं. जोड्या लावा, मोकळी जागा भरा, वाक्य ऐकून शब्द क्रमाने लावा, सगळं फटाफट. मग 'आता हे वाक्य बोला' असं आलं, त्याने खालचं 'आता बोलू शकत नाही' हे बटण दाबलं आणि पुढे गेला. इतक्या सवयीने की त्याला स्वतःला कळलंसुद्धा नाही. म्हटलं, हे का? तर म्हणाला, मी बसमध्ये करतो, जाताना येताना, शेजारी माणसं असतात. म्हणजे 214 दिवस पोरगं इंग्लिश ओळखायला शिकत होतं, आणि बोलायची वेळ आली की गप्प बसायलापण. ॲप वाईट नाही ओ, शब्द वाढले होते त्याचे, वाचून समजत होतं. पण ऐकून ओळखणं वेगळं आणि स्वतः वाक्य जुळवून तोंडाने काढणं वेगळं, दुसऱ्याची प्रॅक्टिस पहिल्यातून आपोआप होत नाही.

बस हे निम्मं कारण. उरलेलं दुसऱ्या भेटीत निघालं. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात उभं करून इंट्रोडक्शन द्यायला लावलं, हा म्हणाला "आय ॲम बिलाँग्ज टू फार्मर फॅमिली", मागचे हसले. तेव्हापासून शेवटचा बेंच.

मी विचारलं, कन्नड येतं?
"येतं की."
कुणी शिकवलं?
"कुणी नाही. बसमध्ये, आणि मॅच खेळायला जातोय तिथं." कंडक्टरचं 'मुंदे होग्री' (पुढे चला) ऐकत ऐकत सुरू झालं म्हणे.
चुकत नव्हतास?
"लई चुकायचो. हसायची पोरं."
मग?
"मग काय, मी पण हसायचो."
हे बोलला आणि जरा वेळ गप्पच बसला. मी पण काही बोलले नाही.

त्याच्या आईला जे सांगितलं ते इथेही सांगते. मराठी घरात, कन्नड रस्त्यावर, हिंदी टीव्हीवर, एवढ्या भाषा वापरणाऱ्या पोराला भाषा जमत नाही असं होत नाही. शाळेत इंग्लिश होतं पण ते प्रश्नोत्तरं पाठ करून पेपरात लिहायचं, बोलायची वेळ कधी आलीच नाही. आणि एक कडक सूचना दिली, पाहुणे आले की "बोलून दाखव की इंग्लिशमध्ये" हे आजपासून बंद. (त्यांचा चेहरा पडला, म्हणजे हे घरी रोज चालत होतं.)

मग मोबाईलच वापरला, पण उलटा. फोनच्या कीबोर्डवरचा माईक, व्हॉईस टायपिंग, तिथे भाषा 'इंग्लिश इंडिया' ठेवायची आणि ऑफलाईन पॅक डाऊनलोड करायचा, कारण जांबोटीकडे पावसात रेंज कधी जाईल नेम नाही. माझ्यासमोर त्याने 'पेन' म्हटलं, फोनने लिहिलं दुखणं, म्हणजे 'पेइन'. 'टेस्ट' म्हटलं तर फोनने 'टेइस्ट' लिहिलं, म्हणजे चव. पोरगं पहिल्यांदा मोकळं हसलं. आपला मराठी 'ए' लांब असतो, त्यांच्या पेन आणि टेस्टमधला आखूड, एवढाच घोळ. अख्खं वाक्य बोललं की फोन अंदाजाने बरोबर करून घेतो, म्हणून सुटे शब्द बोलून बघायचे, तिथे फोन चूक झाकत नाही. आणि तो हसतही नाही, हे महत्त्वाचं.

जागा त्यानेच शोधली, घरामागे काजूची झाडं आहेत तिथे, संध्याकाळी दहा मिनिटं. सुरुवातीला स्वतःचं नाही, दुसऱ्याच्या मागोमाग बोलायचं. व्हॉईस ऑफ अमेरिका या अमेरिकेच्या रेडिओने 1959 मध्ये 'स्पेशल इंग्लिश' म्हणून बातम्या सुरू केल्या होत्या, साधारण 1500 शब्दांतच आणि मुद्दाम सावकाश वाचलेल्या, तसले सोप्या इंग्लिशचे कार्यक्रम यूट्यूबवर मिळतात, भरभर वाटलं तर स्पीड 0.75 करायचा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणायचं. मग आज काय झालं ते एक मिनिट रेकॉर्ड. लिहून वाचायचं नाही. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये बारा सेकंद बोलणं आणि बाकी कोंबडा.

महिन्याभराने एआय चॅट घेतलं, बोलून चालणारं. त्याला आधी सांगून ठेवायचं, मधेमधे चुका काढू नको, शेवटी फक्त तीन सांग. नाहीतर ते प्रत्येक वाक्य दुरुस्त करत बसतं आणि पोरगं परत गप्प. नाव पत्ता सांगायचा नाही, आणि असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घ्यायची नाही. (दोनदा घेतलीच त्याने, मला कळलं.)

पण यंत्राजवळच राहिलं असतं तर काही उपयोग नव्हता. पुण्यात नोकरीला असलेली मावसबहीण आहे, तिला व्हॉट्सॲपवर रोज एक व्हॉईस नोट, तिची उलट एक, टाईप करायचं नाही असा नियम. हे सगळ्यात जड गेलं, चार वेळा रेकॉर्ड करून डिलीट करायचा. जुलैत रेंज गेली चार दिवस, ॲपवरचा सलग दिवसांचा, 200 च्या वर गेलेला आकडा शून्यावर आला. आईचा घाबरून फोन. पोराला विचारलं तर म्हणाला, जाऊ दे, रेकॉर्डिंग 31 झालीत.

त्याच्या आठवीतल्या बहिणीसाठीही आईने विचारलं. तिला गूगलचं रीड अलाँग सुचवलं, मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून अडलेला शब्द सांगतं, गोष्टी डाऊनलोड केल्या की नेटशिवाय चालतं. लहान मुलांसाठीचं आहे, ती नाक मुरडेल असं वाटलेलं, पण करते म्हणे.

मुलगा आता लॅबमध्ये इंग्लिशमध्ये डाऊट विचारतो, व्याकरण अजून धड नाही. दसऱ्यानंतर परत आला होता, नवीन तक्रार घेऊन, फिजिक्स समजत नाही. म्हटलं, इंग्लिशमुळे काय? तर म्हणाला, नाही मॅडम, मराठीत सांगितलं तरी समजत नाही. त्याला ट्यूशनच्या सरांकडे पाठवलंय.