नेपोलियनचा भाऊ जोसेफ स्पेनचा खरा राजा होता की नुसतं बाहुलं?

कागदावर राजा, पण हुकूम चालायचा तो फ्रेंच फौज असेल तेवढ्याच मुलखात, आणि तिथेही पुष्कळदा त्याचा नाही, नेपोलियनच्या सेनापतींचा. मे १८०८ मध्ये फ्रान्समधल्या बायोन इथे नेपोलियनने चौथा कार्लोस आणि सातवा फर्नांदो या स्पेनच्या राजघराण्यातल्या बापलेकांकडून राज्यत्याग लिहून घेतला आणि मुकुट थोरल्या भावाला दिला. जोसेफ २० जुलैला माद्रिदमध्ये शिरला. दक्षिण स्पेनमधल्या बैलेनला फ्रेंच सैन्याने शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि दहा-अकरा दिवसांत त्याला राजधानी सोडावी लागली. परत आला तो नेपोलियनच्या फौजेच्या जोरावर. १८१० मध्ये तर सख्ख्या भावानेच कॅटलोनिया, आरागॉन, नवारा हे प्रांत त्याला बाजूला सारून थेट लष्करी गव्हर्नरांकडे सोपवले. तिकडे दक्षिणेतल्या कादिझ बंदरात फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या स्पॅनिशांची संसद फर्नांदोलाच राजा मानत होती. १८१२ ची राज्यघटना तिचीच.

तरी जोसेफला निव्वळ बाहुलं म्हणणंही बरोबर नाही. माद्रिदमध्ये दाट वस्ती पाडून त्याने चौक मोकळे केले, सुशिक्षितांचा एक गट मनापासून त्याच्या बाजूने होता. लोकांनी मात्र नाव पाडलं 'पेपे बोतेया', म्हणजे बाटलीवाला पेपे (पेपे हे जोसेफचं स्पॅनिश लाडनाव). दारुडेपणाचा हा आरोप बहुधा निव्वळ अपप्रचार. गंमत म्हणजे २१ जून १८१३ ला उत्तर स्पेनमधल्या व्हिटोरियाच्या लढाईत हरून पळताना त्याचं चांदीचं मूत्रपात्र ब्रिटिश घोडदळाच्या हाती लागलं, आणि त्या रेजिमेंटच्या वारसदारांकडे त्यातून शॅम्पेन प्यायची प्रथाच पडली.